वाचनालयाचा जिना आणि बाकी सगळे: प्रकल्प नोंदी

काम: दुमजली वाचनालय. खाली पुस्तकांचे रॅक, वर वाचन दालन. मुख्य इमारत केंद्र ते केंद्र १८ × १२ मीटर, तिच्या १२ मीटरच्या बाजूला लागून ३.४ मीटर रुंदीचा पट्टा. त्यात जिना आणि स्वच्छतागृहे. नोंदी पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातल्या, कनिष्ठ वास्तुविशारदाच्या टेबलावरून आणि साइटवरून. एकक दिलेले नसेल तिथे माप मिमीमध्ये.

४ जून

जागेची लेव्हल घेतली. शेजारच्या मोरीच्या कठड्यावर रंगाने खूण करून तीच १००.००० धरली. मागची नजर, म्हणजे त्या खुणेवरच्या पट्टीचे वाचन, १.४३५; म्हणून यंत्राची उंची १०१.४३५. सर्वांत लांबच्या कोपऱ्यावर पट्टीचे वाचन २.६१०, म्हणून तिथली पातळी ९८.८२५. उतार जवळजवळ सव्वा मीटर.

शेवटी परत मोरीच्या खुणेवर पट्टी धरून फेरा बंद केला, ४ मिमी फरक आला. हा शेवटचा फेरा नवखा माणूस हमखास गाळतो, कारण तोवर ऊन चढलेले असते. तो गाळला तर मधे कुणाचा पाय तिपाईला लागला होता की नाही, हे पुढे कधीच कळत नाही.

जागेवर तीन मोठी झाडे. खोडाचा घेर मोजला, पण त्यापेक्षा उपयोगी माप फांद्यांच्या विस्ताराचे: पायाची खोदाई त्याच्या आत गेली की मुळे तुटतात. इमारत २ मीटर मागे सरकवली.

९ जून

कॉलेजच्या शिटांवर ग्रिड (कॉलमच्या रेघांची जाळी) आधी येते आणि फर्निचर नंतर त्यात बसवले जाते. इथे उलटे करावे लागले. दुतोंडी रॅक ४५० खोल, मधली वाट १०५०; म्हणजे रॅकच्या मध्यापासून पुढच्या रॅकच्या मध्यापर्यंत १५००. चार ओळी म्हणजे ६०००, तेच कॉलमचे अंतर. कॉलम ३०० × ४५०, त्याची ४५० ची बाजू रॅकच्या ओळीत. त्यामुळे कॉलम रॅकच्या पोटात जातो. एखादा खण कमी होतो, वाट मात्र अडत नाही. आधीच्या आराखड्यात अंतर ५५०० होते. त्यात काही वाटांत कॉलम उभा राहत होता आणि पुस्तकांची ढकलगाडी तिथेच अडली असती.

रॅक खाली ठेवण्याचे कारण वजन. वाचन दालनाला प्रति चौरस मीटर ३ किलोन्यूटन चल भार (माणसे आणि सामान यांचा) धरला तर भरलेल्या रॅकच्या खोलीला ६ धरावा लागतो. तो भार जमिनीवर टाकला की पहिल्या मजल्याची स्लॅब आणि बीम दोन्ही हलके होतात. वरच्या दालनाला चाकाच्या खुर्चीने जायचे तर लिफ्ट लागतेच. तिची जागा जिन्याच्या पट्ट्यातच राखली.

१७ जून

जिना. मजल्याची उंची फरशी ते फरशी ३३००. रायझर (पायरीची उभी उंची) १५०, म्हणजे २२ रायझर, ट्रेड (पाय ठेवायची सपाट जागा) ३००. सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद ब्लाँदेल यांनी मांडलेला 'दोन रायझर अधिक एक ट्रेड' हा नियम अजूनही पहिली चाचणी म्हणून वापरतात. इथे ६०० येतात, आणि साधारण ६०० ते ६४० मध्ये चाल सुखाची राहते.

दोन फ्लाइट (पायऱ्यांच्या सलग ओळी), मधे लँडिंग (सपाट टप्पा), प्रत्येकी ११ रायझर. ११ रायझरांत ट्रेड १०च, कारण अकरावा पाय लँडिंगवर पडतो. फ्लाइटची लांबी ३०००. ही एकाची चूक फार जुनी आहे: ११ × ३०० करून ३३०० लिहिले जाते आणि जिना कागदावर उगाच एका पायरीने लांबतो.

आतली रुंदी गिलाव्यानंतर ३१७०: १५०० ची फ्लाइट, १७० ची पोकळी, १५०० ची फ्लाइट. दोन्ही फ्लाइट लँडिंगशी एकाच रेषेत आणल्या तर वळणावर कठडा एकदम १५० ने उडी मारतो, कारण त्या रेषेवर खालच्या फ्लाइटची कड १६५० वर असते आणि वरच्या फ्लाइटची पहिली कड १८०० वर. वरची फ्लाइट एक ट्रेड मागे सरकवली की कठड्याच्या दोन्ही तिरप्या रेषा लँडिंगच्या कडेला एकाच उंचीवर भेटतात. त्यासाठी जागा ३०० जास्त लागली, एकूण ६३००.

याची किंमत खालून दिसते. फ्लाइटचे तळ लँडिंगच्या तळाला जिथे मिळतात त्या दोन घड्या एका रेषेत येत नाहीत. इथे त्यांच्यात सुमारे ६७० चे अंतर पडते. कठडा रोज हाताखाली असतो आणि जिन्याखाली साठवणीची खोली आहे, म्हणून कठड्याच्या बाजूने निर्णय. जिन्याखालून रस्ता असता तर कदाचित उलटा घेतला असता.

२३ जून

वाचन दालनाच्या खिडक्या. सिल (खिडकीची खालची कड) ९००, वरची कड २४००. उजेड वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत कामापुरता पोचतो, म्हणजे ४.८ ते ६ मीटर. दालन १२ मीटर रुंद आणि खिडक्या दोन्ही बाजूंना. मधला पट्टा जेमतेम.

चज्जा ६०० बाहेर. खिडकीची उंची १५००, म्हणून उभ्या छायाकोनाची स्पर्शज्या १५०० भागिले ६००, कोन ६८ अंश. सूर्य त्याखाली आला की ऊन काचेवर. एवढ्याने भागत नाही.

पांढऱ्या पुठ्ठ्याचे १:५० चे मॉडेल करून उन्हात धरले. संगणकावर ऊन कुठे पडते ते दिसतेच. मॉडेलमध्ये टेबलावरून उलटून छतावर जाणारा उजेडही दिसतो. टेबले पांढरी नकोत, हे त्यातून ठरले.

८ जुलै

आरसीसी (सळया घातलेले काँक्रीट) सल्लागारांची ड्रॉइंग आली. छताचा बीम ६०० खोल. वाचन दालनाच्या फरशीपासून छताच्या स्लॅबचा माथा ३२५०, म्हणून बीमचा तळ २६५०. खिडकीची वरची कड २४००, त्यावर १५० चे लिंटेल (खिडकीवरची आडवी पट्टी) म्हणजे २५५०. लिंटेल आणि बीम यांच्यात उरले १०० मिमी. ब्लॉकचा थर २०० चा. या १०० मध्ये कापलेले तुकडे कोंबले जातात, वरून मसाला नीट ठासता येत नाही आणि दोन वर्षांनी तिथेच आडवी भेग.

मार्ग दोन: लिंटेल जाड करून बीमला भिडवायचे, किंवा लिंटेल काढून खिडकी थेट बीमच्या तळापर्यंत न्यायची. दुसरा घेतला. खिडकी १७५० उंच झाली, उजेड ५.३ ते ६.६ मीटर आत जाऊ लागला आणि २३ जूनच्या नोंदीतला मधला पट्टा आपोआप सुटला.

चज्जा मात्र बिघडला. ६०० वर कोन आता ७१ अंश. चज्जा दोन टप्प्यांत केला. खालचा चज्जा बरोबर मध्यावर घेतला असता तर १७७५ वर आला असता, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या अगदी वर, आणि खिडकीचा आडवा दांडाही तिथेच. म्हणून तो २१०० वर नेला. खालच्या भागाची उंची १२०० राहिली. खालचा चज्जा ७५० केला की कोन ५८ अंश. वरच्या ५५० साठी ६०० चा चज्जा, कोन साधारण ४२. दोन्ही चज्ज्यांना तळाच्या बाहेरच्या कडेला पाणी तोडणारी खाच. नाहीतर पाणी तळावरून आत सरकते आणि काचेवर ओघळते.

१५ जुलै

दरवाज्यांचा तक्ता. कनिष्ठांकडे येणारे हे ठरलेले काम, आणि त्यात वाटते त्यापेक्षा जास्त विचार लागतो. तक्त्यात 'रुंदी' या शब्दाला अर्थच नाही. भिंतीतले भोक, चौकटीचे बाहेरचे माप, पल्ल्याचे माप आणि माणसाला प्रत्यक्ष मिळणारी वाट ही चार वेगळी मापे आहेत.

भोक १०५० धरले होते. दोन्हीकडे ५ ची फट सोडून चौकट १०४०. चौकटीचे लाकूड ६०, दोन्ही बाजूंचे १२० वजा केले की ९२०. पल्ला ३५ जाड, चौकटीतली त्याची खाच १२. पल्ला ९० अंशांत उघडला की ३५ वजा १२, म्हणजे २३ मिमी वाटेत येतो. उरले ८९७. चाकाच्या खुर्चीसाठी ९०० मोकळी वाट हवी होती, म्हणजे तीन मिमी कमी. आणि तेही चौकट अगदी ओळंब्यात बसली तर. सगळी भोके ११०० केली, वाट ९४७.

तक्त्यात आता 'भिंतीतले भोक' आणि 'मोकळी वाट' असे दोनच रकाने छापले आहेत. गवंड्याला पहिला लागतो, सुताराला चौकटीचे ड्रॉइंग वेगळे दिलेले आहे.

२२ जुलै

बांधकामाचा पहिला संच, ए१ वर. कापलेली भिंत ०.५ च्या रेघेत, दिसणारी कड ०.२५, मापांच्या रेघा ०.१८. मापांच्या तीन ओळी: सर्वांत बाहेर एकूण, मग ग्रिड, मग भोके. भोकांची ओळ ग्रिडपासून सुरू होते, गिलाव्याच्या कडेपासून नाही. भिंत बांधताना गिलावा अस्तित्वातच नसतो.

पायाच्या ड्रॉइंगवर मापे एका मूळ बिंदूपासून चढत्या क्रमाने: ०, ६०००, १२०००, १८०००. तुकड्यातुकड्यांनी ६०००, ६०००, ६००० दिले तर प्रत्येक वेळी टेप नव्याने धरला जातो आणि २-३ मिमीची चूक साचत जाते.

संच बाहेर पडल्यावर कंत्राटदाराच्या मिस्त्रींनी जिन्याच्या छेदावर (उभा कापून दाखवलेल्या चित्रावर) बोट ठेवून विचारले, "साहेब, ही दीडशे फरशीची का काँक्रीटची?" उत्तर दिले गेले: फरशीची. ते शिटावर लिहिले गेले नाही. ३ जानेवारीची नोंद पाहावी.

६ ऑगस्ट

स्वच्छतागृहांचे तपशील. चाकाच्या खुर्चीला वळायला १५०० व्यासाचे वर्तुळ हवे, दार बाहेर उघडणारे. बाहेरच्या फरशीशी पातळीतला फरक १२ च्या आत, तोही तिरपा काढलेला. स्लॅब ३०० खाली. लांबचा नहाणी ट्रॅप (फरशीतले सांडपाण्याचे भांडे) मुख्य पाइपपासून २.४ मीटर, १:४० उताराने त्यालाच ६० लागतात, बाकीचे पाइप आणि ट्रॅपच्या खोलीत संपतात. फरशीचा नकाशा ट्रॅपपासून मांडायला सुरुवात केली, दारापासून नाही: ट्रॅप फरशीच्या मधोमध किंवा जोडावर यावा, अर्ध्या तुकड्यात नको.

१४ ऑक्टोबर

आखणी. काटकोन ६-८-१० मीटरने काढला, मग चारही कोपरे झाल्यावर कर्ण मोजले. १८ × १२ चा कर्ण २१.६३३ यायला हवा. एक २१.६१५ आला, दुसरा २१.६५२. म्हणजे चौकोन नाही, समांतरभुज. लांबच्या बाजूची ओळ सुमारे २२ मिमी सरकलेली. कारण कापडी टेप. तो ओढला की ताणतो. स्टीलचा टेप आणून पुन्हा आखणी केली, दोन्ही कर्ण २ मिमीच्या आत आले.

खुंट्या खोदाईच्या कडेपासून १.५ मीटर बाहेर, काँक्रीटमध्ये. प्रत्येक ओळीला दोन्ही टोकांना खुंटी आणि तिच्यावर खिळा. खोदाईच्या मातीचा ढीग नेमका खुंट्यांवर पडतो, म्हणून ढिगाची जागाही आखणीच्या दिवशीच फक्कीने दाखवून दिली.

२८ ऑक्टोबर

एका खड्ड्यात भराव निघाला, विटांचे तुकडे आणि राखेसकट. बाकीच्या खड्ड्यांत त्याच पातळीला कठीण थर. सल्लागारांना बोलावले, भराव संपेपर्यंत ६५० खोल जाऊन तेवढी जागा साध्या काँक्रीटने भरायला त्यांनी सांगितले. फूटिंगची (कॉलमच्या पायाची) पातळी तीच राहिली. फोटो, खोली आणि सही नोंदवहीत. हे जादा काम बिलात येणार आणि तेव्हा तो खड्डा कुणालाच दिसणार नाही.

१८ नोव्हेंबर

जोत्यापर्यंत काम आले. रॅम्प. जोते ४५०, उतार १:१२, लांबी ५४००, वर आणि खाली १५०० चे सपाट टप्पे. पण ४५० हे कशापासून? छेदात ते मातीच्या तयार पातळीपासून होते, आणि बाहेरच्या अंगणाच्या फरशीची पातळी दुसऱ्या शिटावर त्याहून ४० खाली. चढ ४९० झाला, रॅम्प ५८८० लागतो. रॅम्पच्या भिंतीचा पाया अजून भरलेला नव्हता म्हणून निभावले. अंगण वर घ्यायचे म्हटले तर पाणी जोत्याकडे वळते.

५ डिसेंबर

पहिल्या मजल्याच्या स्लॅबची तपासणी, भरण्याच्या आदल्या दुपारी. सळया सल्लागारांचे लोक पाहतात. वास्तुविशारदाने पाहायचे ते वेगळे: स्वच्छतागृहाची खोलगट जागा, पंख्यांचे बॉक्स बीमच्या मध्याशी जुळतात का, बीममधून जाणाऱ्या पाइपांच्या स्लीव्ह (खोलीच्या मधल्या भागात, आधारापासून दूर, आणि सल्लागारांच्या संमतीनेच), लिफ्टच्या पोकळीची कड, चज्ज्याच्या सळया.

जिना नंतर भरायचा असल्यामुळे वरच्या फ्लाइटच्या सळयांची टोके स्लॅबच्या बीममधून बाहेर सोडलेली असायला हवीत. ती होती, पण ३०० चुकीच्या जागी: खालच्या फ्लाइटच्या ओळीत मोजलेली. १७ जूनचे सरकवणे मिस्त्रींच्या शिटावर नव्हते. त्यांच्या हातात पहिल्या आवृत्तीची प्रिंट होती. सळया हलवल्या, दीड तास गेला. त्या दिवसापासून नवी आवृत्ती द्यायची ती जुनी परत घेऊन, आणि परत घेतलेली तिथल्या तिथे फाडून.

३ जानेवारी

जिन्याचे सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) तयार. भरण्याआधी मोजणी.

सगळ्या रायझरच्या फळ्या १५० च्या. खालच्या कोब्यापासून (फरशीखालच्या काँक्रीटपासून) वरच्या स्लॅबपर्यंत २२ × १५० = ३३००, टेपने मोजले तरी ३३००. मिस्त्रींच्या हिशेबाने सगळे बरोबर. आणि जिना चुकलेला.

कारण फिनिशची जाडी. मजल्याची फरशी मसाल्यासकट ५०. जिन्याचा दगड २० आणि त्याखाली मसाला १५, मिळून ३५. तयार फरशीला शून्य धरले तर खालचा कोबा उणे ५० वर आहे आणि वरची कच्ची स्लॅब ३२५० वर. काँक्रीटची पहिली पायरी कोब्यापासून १५० वर म्हणजे १०० वर. त्यावर दगड बसला की १३५. पहिला रायझर १३५ चा झाला. वर एकविसावी पायरी काँक्रीटला ३१००, दगडासकट ३१३५; तयार फरशी ३३००. शेवटचा रायझर १६५. मधले सगळे १५०. खाली आणि वर ५०च असल्यामुळे एकूण बेरीज जुळते, आणि बेरीज जुळते म्हणूनच चूक लपते. ३० मिमीचा फरक पायाला लगेच कळतो. वर पोचताना ठेच आणि उतरताना शेवटच्या पायरीला पाय आधीच जमिनीला आपटतो.

बरोबर हिशेब: पहिली पायरी तयार १५०, त्यातून ३५ वजा, काँक्रीट ११५; कोबा उणे ५०; म्हणून पहिला कच्चा रायझर १६५. शेवटचा कच्चा रायझर ३२५० वजा ३११५, म्हणजे १३५. लँडिंगलाही पायऱ्यांचाच ३५ चा दगड आहे म्हणून अकरावा आणि बारावा रायझर १५०च. लँडिंगला मजल्याची ५० ची फरशी घातली असती तर तिथेही १३५ आणि १६५ करावे लागले असते.

आरसीसी ड्रॉइंगवर 'रायझर १५०, नग २२' होते. वास्तुविशारदाच्या छेदात तयार रेघ होती. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. कच्ची रेघ मात्र कुणीच काढली नव्हती.

आता काय केले: सेंट्रिंगच्या बाजूच्या भिंतीवर दोन रंगांत सूत मारले, निळी रेघ काँक्रीटची, लाल दगडाची. ३.३ मीटरची सरळ लाकडी पट्टी घेऊन तिच्यावर २२ कच्च्या खुणा केल्या आणि ती कोब्यावर उभी धरून लेव्हल ट्यूबने प्रत्येक फळी जुळवली. टेपने एकेक रायझर मोजत वर गेले की चूक साचते. पट्टीवर साचत नाही. पहिली फळी १६५ ची नवी कापली, मधल्या सगळ्या १५ ने वर उचलल्या. तळाची तिरपी फळीही तेवढीच उचलावी लागली, नाहीतर स्लॅबची जाडी वाढते.

जाडीही तपासली. १५० ही फ्लाइटला काटकोनात मोजायची. उतार साडेसव्वीस अंश, म्हणून उभी मोजली तर १६८ यायला हवी. सुतारांनी उभी १५० ठेवली होती. म्हणजे खरी जाडी १३४, आणि त्या १६ मिमीत वरच्या सळईचे कव्हर (तिच्यावरचा काँक्रीटचा थर) गेले असते. आतली घडी, म्हणजे जिथे ट्रेड आणि रायझर मिळतात तो कोपरा, तिथून गुण्या लावून मोजले.

दिवस गेला. फोडायला लागले असते तर आठवडा गेला असता.

जिन्याच्या शिटावर आता एक तक्ता: रायझर क्रमांक, कच्ची पातळी, तयार पातळी. २२ ओळी. आणि सगळ्या कॉलमवर तयार फरशीपासून +१००० ची रेघ. यापुढे सिल, स्विच, चौकट, फरशी, सगळे तिच्यापासूनच मोजायचे.

६ जानेवारी

जिना भरला. काँक्रीटचा हिशेब: दोन तिरप्या स्लॅब १.५१ घनमीटर, पायऱ्यांचे त्रिकोण ०.६८, लँडिंग ०.७९, एकूण २.९८. साइटच्या मागणीत २.३ होते, त्रिकोण विसरलेले. ३.१ मागवले.

मिश्रण घट्टसर, स्लम्प (काँक्रीटच्या पातळपणाचे माप) ७५ ते १०० च्या मध्ये. पातळ असले तर वरच्या पायरीचे काँक्रीट रायझरच्या फळीखालून खालच्या पायरीवर फुगून येते. भरायला सुरुवात तळापासून. व्हायब्रेटरची सुई पायरीत थोडा वेळच. जास्त धरली की तीच फुगवटी. फळ्यांच्या खालच्या कडा तिरप्या कापून घेतल्या होत्या, म्हणून थापी ट्रेडच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचली.

टेकू सल्लागारांनी लिहून दिलेल्या तारखेलाच निघतील. वर जायला दुसरा रस्ता नसल्यामुळे कामगार दुसऱ्याच दिवशी जिना वापरू लागतात. शिडी बांधून घेतली आणि पायथ्याला बांबू आडवा लावला.

२० फेब्रुवारी

मालक संस्थेने वाचन दालनाची फरशी बदलली. नवी जाड, मसाल्यासकट ६०. खालच्या मजल्याला जुनीच. जिन्याचा शेवटचा रायझर १६० झाला.

स्लॅब तासायचा प्रश्नच नाही. पातळ चिकट मसाला वापरावा तर स्लॅबच्या पृष्ठभागात ८ मिमीपर्यंत चढउतार आहेत. मग १० मिमी वरच्या फ्लाइटच्या ११ रायझरांत वाटले: प्रत्येकी ०.९. पहिल्या पायरीच्या दगडाखाली मसाला १६, पुढे प्रत्येकीला साधारण एक मिमी जास्त, दहाव्या पायरीखाली २४. रायझर सगळे जवळजवळ १५१. लँडिंग आणि खालची फ्लाइट जशीच्या तशी. शिटावरच्या तक्त्यात तयार पातळीचा रकाना बदलून नवी आवृत्ती काढली. +१००० ची वरच्या मजल्यावरची रेघ पुसून १० वर नव्याने मारली. जुनी रेघ पुसणे महत्त्वाचे. दोन रेघा राहिल्या तर माणूस ठळक दिसते ती वापरतो.

दालनातल्या खिडक्यांचे सिल ९०० चे ८९० झाले. टेबल ७५० चे, चालते.

१२ मार्च

कठडा बसला. पायरीच्या कडेपासून ९५०, उभ्या गजांमधली फट १०० च्या आत. वळणावर दोन्ही तिरप्या नळ्या लँडिंगच्या कडेला एकाच उंचीवर आल्या. जोड एका छोट्या आडव्या तुकड्याने झाला, वेल्डिंगला मधे उभा खांब घ्यावा लागला नाही.

दगड बसल्यावर सगळे रायझर मोजले, दोन्ही टोकांना आणि मधे. खालची फ्लाइट १४९ ते १५२, वरची १५० ते १५३. अपवाद पहिला रायझर, १४७: तळमजल्याची फरशी जिन्यापाशी ३ मिमी चढलेली, कारण फरशीवाल्याने दारापासून सुरुवात करून उरलेला फरक शेवटी जिन्याखाली सोडला. लगतच्या दुसऱ्याशी फरक ४. कार्यालयाची मर्यादा एका फ्लाइटमध्ये ५, म्हणून स्वीकारला आणि मोजणी तशीच 'जसे बांधले' ड्रॉइंगवर उतरवली.

बाकी राहिलेले: स्वच्छतागृहातली पाणी भरून ठेवायची चाचणी फरशीआधी ७२ तास झाली, नोंद आहे, सही बाकी. खालच्या चज्ज्यांपैकी दोनांच्या तळाला पाणी तोडायची खाच गिलाव्यात बुजली आहे, पुन्हा कापायची. लँडिंगच्या खिडकीचा गज एका बाजूला सैल. जिन्याखालच्या खोलीचे दार उघडताना तिरप्या स्लॅबला घासते. बिजागरी उजवीकडून डावीकडे घ्यायची, पल्ला तोच.